मोटारीच्या इंजिनाचे रिमॅपिंग आणि त्यास लागणारा कालावधी : दिंद्रुड परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :

बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यातील दिंद्रुड हे गाव तेलगाव–परळी रस्त्यावर वसलेले आहे. तेलगावचा सहकारी साखर कारखाना जवळच असल्याने हंगामाच्या दिवसांत हा रस्ता उसाच्या वाहनांनी भरून जातो. याच परिसरातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या दरवर्षी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. परळी, माजलगाव, धारूर आणि बीड या बाजारपेठांशी असलेला नित्याचा व्यवहार काळी-पिवळी जीप, पिकअप आणि खाजगी मोटारी यांच्या आधारे चालतो. अशा भागात 'गाडी ओढत नाही' ही तक्रार थेट उत्पन्नाशी निगडित असते. एक खेप कमी झाली तर त्या दिवसाचा हिशेब बिघडतो.

पूर्वी या तक्रारीवर ठरलेला उपाय होता. डिझेल पंप उतरवून पंप-नोझलच्या दुकानात न्यावयाचा, टेस्ट बेंचवर चढवावयाचा, कमाल इंधनाच्या स्क्रूचे शिशाचे सील तोडून तो थोडा फिरवावयाचा आणि पंप पुन्हा बसवून टायमिंग जुळवावयाचे, असा तो क्रम होता. यात बहुधा एक दिवस जाई. आता पंपाच्या स्क्रूची जागा संगणकाने घेतली असून 'पंप वाढविणे' या शब्दांऐवजी 'रिमॅप करणे' हे शब्द रूढ झाले आहेत. वाहनधारकाचा पहिला प्रश्न मात्र तोच राहिला आहे : वेळ किती लागेल? या प्रश्नास पंधरा मिनिटे, दोन तास, एक दिवस अशी परस्परांशी न जुळणारी उत्तरे मिळतात. ही उत्तरे इतकी भिन्न का असतात आणि त्यांपैकी कोणत्या उत्तरावर विसंबावे, याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेण्यात आला आहे.

'मॅप' म्हणजे काय?

आधुनिक इंजिनामध्ये किती इंधन, कोणत्या क्षणी, किती दाबाने सोडावयाचे याचा निर्णय इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट अर्थात ई.सी.यू. घेते. बॉश कंपनीने १९७९ मध्ये 'मोट्रॉनिक' ही प्रणाली बाजारात आणली. तिच्यामुळे पेट्रोल इंजिनातील इंधन व ठिणगी यांचे नियंत्रण एकाच संगणकाकडे आले. डिझेलच्या बाबतीत निर्णायक बदल १९९७ मध्ये झाला. त्या वर्षी कॉमन रेल पद्धतीची पहिली मोटार युरोपात विक्रीस आली. भारतात २००५ च्या सुमारास स्कॉर्पिओ व सफारीसारख्या गाड्यांमधून ही पद्धत परिचित झाली. स्कॉर्पिओ नाशिकला तयार होते, हे येथे नमूद करण्यासारखे आहे.

ई.सी.यू.च्या स्मृतीत कोष्टकांच्या स्वरूपात माहिती साठविलेली असते. एका अक्षावर इंजिनाचे दर मिनिटाचे फेरे, दुसऱ्या अक्षावर अ‍ॅक्सिलरेटरची स्थिती किंवा हवेचे प्रमाण आणि प्रत्येक चौकटीत एक आकडा, असे हे कोष्टक असते. दोन चौकटींच्या मधली स्थिती आल्यास संगणक अंतर्वेशनाने मधला आकडा काढतो. हे कोष्टक त्रिमितीत रेखाटल्यास डोंगरदऱ्यांच्या उठावदार नकाशासारखे दिसते, म्हणून त्यास 'मॅप' म्हणतात. एका ई.सी.यू.मध्ये अशी कोष्टके व स्वतंत्र मूल्ये मिळून हजारो नोंदी असतात.

डिझेल इंजिनाच्या रिमॅपिंगमध्ये प्रामुख्याने चार-पाच गटांतील नोंदींना हात घातला जातो : चालकाने पेडल दाबले असता किती टॉर्क मागितला असे समजावे, कमाल टॉर्कची मर्यादा, रेलमधील दाब, टर्बोचा दाब आणि धूरमर्यादा. यांतील धूरमर्यादा सर्वांत नाजूक होय. उपलब्ध हवेच्या मानाने इंधन किती सोडावे यावर ती बंधन घालते. ती सैल केली की गाडी जोरात पळते, सायलेन्सरमधून काळा धूर निघतो आणि टर्बोमध्ये शिरणाऱ्या वायूंचे तापमान चढते. हौशी हाताने केलेल्या रिमॅपची ओळख बहुधा या काळ्या धुरावरूनच पटते.

एकाच इंजिनाच्या दोन शक्ती असतात, म्हणजे कमी शक्तीच्या गाडीत कंपनीने मुद्दाम शक्ती 'दाबून' ठेवलेली असते, असा एक समज आढळतो. पुण्याजवळच्या रांजणगाव येथे तयार झालेल्या फियाटच्या १.३ लिटर मल्टीजेट इंजिनाचे उदाहरण यासाठी पाहण्यासारखे आहे. १२४८ घनसेंटिमीटरचे हे इंजिन ७५ पी.एस. आणि ९० पी.एस. अशा दोन रूपांत मिळे. या फरकाचे मूळ मुख्यतः टर्बोत होते. ७५ पी.एस.च्या इंजिनात स्थिर रचनेचा टर्बो होता, तर ९० पी.एस.च्या इंजिनात परिवर्तनशील पाकळ्यांचा. पहिल्या गाडीत दुसरीचे आकडे भरले तरी टर्बो बदलत नाही. त्याच्याकडून क्षमतेबाहेरचे काम मात्र करून घेतले जाते. कंपनीने ठेवलेली राखीव क्षमता खरी असते, परंतु ती उन्हाळा, भेसळीचे इंधन, चोंदलेले एअर फिल्टर आणि लांबलेली सर्व्हिसिंग यांसाठी ठेवलेली असते. मराठवाड्यात या चारही गोष्टी अपवादात्मक नाहीत.

कालावधीचा हिशेब :

प्रथम केवळ फाइल लिहिण्याचा वेळ पाहू. जुन्या गाड्यांमध्ये निदानाच्या सॉकेटपर्यंत 'के-लाइन' नावाची एकच तार येते. तिचा मूळ वेग सेकंदाला १०,४०० बिट. एका बाइटसाठी सुरुवातीचा व शेवटचा धरून दहा बिट लागतात, म्हणजे सेकंदाला सुमारे एक हजार चाळीस बाइट. ५१२ किलोबाइटची फाइल या वेगाने जाण्यास साडेआठ मिनिटांच्या आसपास वेळ लागतो. प्रत्यक्षात संपर्क जुळल्यावर हा वेग पुष्कळदा वाढविला जातो. नंतरच्या गाड्यांतील कॅन बसचा वेग सेकंदाला ५ लाख बिट असतो. त्यावर प्रत्येक चौकट सुमारे सव्वाशे बिटची आणि तीत उपयुक्त माहिती सात बाइट, असा हिशेब केल्यास सेकंदाला अंदाजे २८ हजार बाइट जातात. २ मेगाबाइटची फाइल सैद्धान्तिकदृष्ट्या सव्वा मिनिटात पोहोचते. पण स्मृतीतील जुना मजकूर आधी पुसावा लागतो, प्रत्येक खंडाची पोच घ्यावी लागते आणि शेवटी बेरीज पडताळावी लागते. त्यामुळे प्रत्यक्ष वेळ पाच ते वीस मिनिटांपर्यंत जातो. 'पंधरा मिनिटांत रिमॅप' हे उत्तर येथून येते. ते असत्य नाही, फक्त अपुरे आहे.

लिहिण्यापूर्वी मूळ फाइल वाचावी लागते. काही ई.सी.यू. सॉकेटमधून लिहू देतात, पण वाचू देत नाहीत. अशा वेळी केवळ सॉफ्टवेअरचा क्रमांक वाचून तीच मूळ फाइल साठ्यातून मिळवितात. काही ई.सी.यू. दोन्ही नाकारतात. २००९ च्या सुमारापासून उत्पादकांनी छेडछाड रोखण्यासाठी संरक्षण कडक केले. अशा ठिकाणी ई.सी.यू. गाडीतून काढून टेबलावर जोडावे लागते, क्वचित त्याचे सीलबंद आवरण उघडावे लागते. काढणे, जोडणे, पुन्हा जलरोधक करणे यात एक ते दोन तास वाढतात.

यानंतर फाइलमधील प्रत्यक्ष बदल. येथे दोन पद्धती आहेत. पहिलीत त्या मॉडेलसाठी पूर्वीच तयार केलेली फाइल वापरतात. ती निवडण्यास काही क्षण पुरतात. दुसरीत त्या विशिष्ट गाडीच्या नोंदी पाहून आकडे बदलले जातात आणि गाडी डायनोवर, म्हणजे चाकांची शक्ती मोजणाऱ्या रोलरवर चढविली जाते. मोजणी, बदल, लिहिणे, इंजिन थंड होऊ देणे व पुन्हा मोजणी, हे चक्र तीन-चार वेळा फिरते. या पद्धतीस अर्धा दिवस ते एक दिवस लागतो.

या सर्वांच्या आधी येणारी आणि सर्वाधिक वेळा गाळली जाणारी पायरी म्हणजे तपासणी. साठलेले दोषसंकेत वाचणे, इंजेक्टरची दुरुस्तिमूल्ये पाहणे, मागितलेला व प्रत्यक्ष रेलदाब यांतील तफावत नोंदविणे, टर्बोच्या पाइपची गळती शोधणे, क्लच घसरतो का ते पाहणे यासाठी अर्धा ते एक तास पुरतो. 'गाडी ओढत नाही' या तक्रारीचे कारण पुष्कळदा याच तासात सापडते. ते फाटलेला होज पाइप किंवा चोंदलेला डिझेल फिल्टर असे असेल, तर रिमॅपची गरजच उरत नाही. कदाचित म्हणूनच ही पायरी धंद्याच्या दृष्टीने फारशी लोकप्रिय नसावी.

सर्व पायऱ्या धरून, तयार फाइलच्या पद्धतीने सॉकेटमधून केलेल्या कामास दीड ते तीन तास, ई.सी.यू. काढावे लागल्यास चार-पाच तास आणि डायनोवरील कामास पूर्ण दिवस हे वास्तव प्रमाण होय. सांगितलेला वेळ याहून बराच कमी असेल तर कोणती पायरी गाळली जाणार आहे, हा पुढचा प्रश्न वाहनधारकाने विचारावयास हवा.

अर्ध्या तासाचे काम आणि त्यामागील महिने :

लिहिण्याचा वेळ आणि पडताळणीचा वेळ यांतील अंतर किती असू शकते, हे दाखविणारे एक मोठे उदाहरण महाराष्ट्रात घडले आहे. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी डिझेल मोटारींचे रस्त्यावर केलेले मोजमाप २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचा माग काढत तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने १८ सप्टेंबर २०१५ रोजी फोक्सवॅगन कंपनीस नोटीस बजावली. चाचणी चालू आहे हे ओळखून प्रदूषण नियंत्रण पूर्णपणे कार्यान्वित करणारे आणि एरवी ते शिथिल करणारे सॉफ्टवेअर गाड्यांत आढळले होते. रस्त्यावर नायट्रोजन ऑक्साइड्सचे उत्सर्जन अमेरिकी मर्यादेच्या ४० पटींपर्यंत जात होते. इंजिन तेच, यंत्रसामग्री तीच. हा सारा फरक ई.सी.यू.तील मजकुराचा होता.

ज्या ई.ए. १८९ श्रेणीच्या इंजिनांभोवती हे प्रकरण जगभर फिरले, त्या श्रेणीची इंजिने भारतातही होती. चाकणच्या कारखान्यातून निघालेली पोलो ही त्यांतलीच एक मोटार. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया अर्थात ए.आर.ए.आय. या संस्थेने रस्त्यावर घेतलेल्या चाचण्यांत उत्सर्जन भारत स्टेज-४ च्या मर्यादेच्या १.१ ते २.६ पट आढळले. रस्त्यावरील उत्सर्जनासाठी तेव्हा भारतात मर्यादाच नसल्याने नियमभंग झाला नाही, अशी कंपनीची भूमिका होती. डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने भारतातील ३,२३,७०० गाड्यांसाठी ऐच्छिक दुरुस्ती मोहीम जाहीर केली. त्यांत फोक्सवॅगनच्या १,९८,५००, स्कोडाच्या ८८,७०० आणि ऑडीच्या ३६,५०० गाड्या होत्या. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्याविरुद्धच्या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या कारवाईस मनाई केली.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग पुढेच आहे. या दुरुस्तीचे स्वरूप वस्तुतः अधिकृत रिमॅपिंगचे होते. युरोपातील गाड्यांसाठी कंपनीने नोव्हेंबर २०१५ मध्ये सांगितलेला वेळ असा : २.० लिटर इंजिनास केवळ नवे सॉफ्टवेअर, सुमारे अर्धा तास, १.६ लिटर इंजिनास सॉफ्टवेअरखेरीज हवेचा प्रवाह सरळ करणारी एक जाळीदार नळी, एक तासाहून कमी. कार्यशाळेतील वेळ एवढाच होता. परंतु ते सॉफ्टवेअर तयार करणे, प्रत्येक इंजिन व गिअरबॉक्सच्या जोडीसाठी तपासणे आणि नियामकाची मान्यता मिळविणे यात कित्येक महिने गेले. पसाट मोटारीच्या नव्या सॉफ्टवेअरने इंधनखप वाढतो असे जर्मनीतील चाचणीत दिसून आल्याने ती मोहीम २०१६ मध्ये लांबणीवर पडली. ज्या कंपनीने इंजिन घडविले, जिच्याकडे प्रत्येक कोष्टकाचा अर्थ लिहून ठेवलेला होता, तिलाही एका आकड्याचा दुसऱ्यावर होणारा परिणाम प्रयोगाविना कळला नाही.

नव्या मोटारीचे मूळ कॅलिब्रेशन साधारणतः दीड-दोन वर्षे चालते. राजस्थानचा उन्हाळा, लडाखची उंची व थंडी अशा ठिकाणी गाड्या नेल्या जातात. त्यानंतर केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ प्रमाणे नमुना वाहनाची ए.आर.ए.आय.सारख्या अधिकृत संस्थेकडून चाचणी होते. दुकानातील दोन तास या दोन वर्षांच्या कामावर फिरविलेला हात असतो, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

दिंद्रुडच्या रस्त्यावर :

दिंद्रुडच्या वाहनधारकासाठी हा हिशेब थोडा बदलतो. चांगल्या डायनोची सोय पुण्यासारख्या शहरात असते आणि दिंद्रुडहून पुणे जवळपास तीनशे किलोमीटर आहे. जाण्या-येण्यातच दिवस जातो, म्हणजे डायनोवरचे काम दोन दिवसांचे होते. व्यवसायाच्या गाडीचे दोन दिवस बुडणे परवडत नाही. त्यामुळे लॅपटॉप घेऊन गावात येणाऱ्या फिरत्या कारागिराकडे ओढा असणे स्वाभाविक आहे.

अशा कामात विजेचा प्रश्न येतो. लिहिताना इंजिन बंद व इग्निशन चालू असते. पंखे, दिवे व रिले मिळून बॅटरीवर चांगलाच भार पडतो. व्होल्टेज घसरून लिहिणे मध्येच तुटले तर ई.सी.यू. अर्धवट मजकुरासह निकामी होऊ शकते आणि ते टेबलावर घेऊन पुन्हा जिवंत करण्यास आणखी काही तास वा दिवस जातात. म्हणून स्थिर व्होल्टेजचा पुरवठा जोडणे अनिवार्य असते. भारनियमनाच्या वेळापत्रकाकडे पाहून काम सुरू करावे, ही सूचना कोणत्याही परदेशी माहितीपुस्तिकेत सापडणार नाही, पण येथे ती पहिली ठरते.

दुसरा प्रश्न उष्णतेचा. हवेची घनता निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असते. २५ अंश सेल्सिअसच्या तुलनेत ४२ अंशांना त्याच दाबाची हवा सुमारे ५.४ टक्के विरळ होते. डिसेंबरच्या सकाळी धूर न काढणारी फाइल मे महिन्याच्या दुपारी, भरलेल्या गाडीसह, धारूरच्या घाटात धूर काढू शकते. डायनोच्या खोलीत मोठा पंखा असतो आणि मोजणी काही सेकंदांत संपते. घाटात गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये सलग कित्येक मिनिटे जोर लावत असते. टर्बो, पिस्टन आणि कूलंट यांची खरी परीक्षा तेथे होते. त्यामुळे काम झाल्यावर लगेच फेरफटका मारून समाधान मानण्याऐवजी दोन-तीनशे किलोमीटर नेहमीच्या भारासह चालवून नोंदी पुन्हा वाचल्या जाव्यात. हा वेळ कोणत्याही दरपत्रकात नसतो.

'अ‍ॅव्हरेज वाढते' या दाव्याविषयीही सावधगिरी हवी. डॅशबोर्डवरील आकडा टाकीतील डिझेल मोजून येत नाही. ई.सी.यू.ने सोडलेल्या इंधनाच्या हिशेबावरून तो काढला जातो. रिमॅपमध्ये इंजेक्शनच्या कालावधीचे कोष्टक वाढविले असेल तर जास्त इंधन जाऊनही हिशेबात ते धरले जात नाही आणि पडद्यावर वाढीव अ‍ॅव्हरेज दिसते. टाकी काठोकाठ भरून किलोमीटर मोजण्याची जुनी रीतच येथे विश्वासार्ह ठरते.

ट्रॅक्टरसंबंधी एक उल्लेख आवश्यक आहे. ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३ पासून नवे उत्सर्जन निकष लागू झाले आणि त्यांत कॉमन रेल आली. त्याखालील बहुसंख्य ट्रॅक्टरांत मात्र यांत्रिक पंपच आहे. ऊस ओढणाऱ्या अशा ट्रॅक्टरचा 'रिमॅप' करून देतो असे कोणी सांगत असल्यास रिमॅप करण्याजोगे त्यात काही नाही.

कायदा आणि तपासणी :

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकास करता येत नाही. नोंदणीच्या अर्जात अश्वशक्तीचा स्वतंत्र रकाना असतो. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात या कलमाचा अर्थ काटेकोरपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये अनुज्ञेय नसलेला बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद करण्यात आली. सी.एन.जी. संचासारख्या बदलासाठी मान्यताप्राप्त संच आणि नोंदणी पुस्तकातील नोंद हा मार्ग आहे. दुकानात केलेल्या रिमॅपसाठी तसा रुळलेला मार्ग नाही.

तरीही हा बदल पकडला जात नाही, याचे कारण तपासणीच्या स्वरूपात आहे. डिझेल गाडीच्या पी.यू.सी. चाचणीत गाडी उभी ठेवून अ‍ॅक्सिलरेटर दाबतात आणि धुराची घनता मोजतात. भारत स्टेज-४ पूर्वीच्या गाड्यांस ६५ आणि भारत स्टेज-४ च्या गाड्यांस ५० हार्ट्रिज एकक ही मर्यादा आहे. नायट्रोजन ऑक्साइड्स या चाचणीत मोजलेच जात नाहीत. त्यामुळे धूर न काढणारा पण नायट्रोजन ऑक्साइड्स वाढविणारा रिमॅप पी.यू.सी.च्या दृष्टीने निर्दोष ठरतो. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज-६ च्या डिझेल गाड्यांत काजळी अडविणारा फिल्टर असतो. तो काढून टाकून ई.सी.यू.तील त्याची नोंद बंद करण्याचे कामही रिमॅपच्याच नावाखाली चालते. सूक्ष्म काजळीचा तो भार गावच्या स्टँडवर उभ्या असलेल्यांच्या फुप्फुसांत जातो.

वॉरंटी आणि विमा यांचा प्रश्न वाहनधारकास बहुधा अपघातानंतरच आठवतो. अनेक ई.सी.यू. किती वेळा मजकूर लिहिला गेला याची नोंद स्वतःजवळ ठेवतात. मूळ फाइल परत भरली तरी ती नोंद पुसली जात नाही. मूळ फाइलची प्रत मात्र मालकाने स्वतःकडे मागून ठेवावी. गाडी विकताना, पुन्हा तपासणीस नेताना किंवा नव्या फाइलने त्रास दिल्यास ती लागते आणि कारागीर दुसऱ्या गावी निघून गेल्यावर मिळत नाही. अधिकृत केंद्रात सर्व्हिसिंगच्या वेळी कंपनीचे नवे सॉफ्टवेअर भरले गेले तर केलेला रिमॅप न विचारता पुसला जातो. त्यासही पंधरा-वीस मिनिटेच लागतात.